फरक लक्षणीय नाही

कपाट आवरताना आज एम.एस्सी.च्या प्रबंधाची प्रत हाती आली. शेवटच्या तक्त्याखाली तेच वाक्य: सेंद्रिय कर्बातील फरक लक्षणीय नाही. म्हणजे पालापाचोळा, शेणखत कुजून मातीत मुरणारा कार्बन योगायोग म्हणता येणार नाही इतका वाढलेला दिसला नाही. ते टाइप केलं त्या रात्री मी खूप रडले होते. दोन हंगाम मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि द्विदल पिकांची फेरपालट सांभाळली, माती वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली, शेकडो नमुन्यांचं टायट्रेशन केलं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून त्यातला कर्ब मोजला. निळसर जांभळा रंग एका थेंबाने हिरवा होतो, तो थेंब नेमका पकडायला हात बसला. आणि शेवटी हे!

आता वाटतं, माती खरं तेच सांगत होती. वरच्या 15 सेंटिमीटर थरात हेक्टरी जवळपास 2,000 टन माती असते. कर्ब 0.1 टक्क्याने वाढायचा तर 2 टन कार्बन त्यात टिकायला हवा, आणि पालापाचोळ्यातला बराचसा कार्बन तर सूक्ष्मजीव वर्षभरातच हवेत सोडतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 पासून एक प्रयोग चालू आहे. तिथल्या एका वाफ्यात दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत पडतं. त्यातला कर्ब दुपटीच्या वर गेला, पण त्याला कित्येक दशकं लागली. मी दोन हंगामांत उत्तर मागत होते.

नोकरी शोधताना वाटा बऱ्याच दिसल्या: प्रमाणीकरण, कार्बन मोजणी, पीएच.डी. मी शेतकऱ्यांसोबतचं काम घेतलं. पहिल्याच महिन्यात एका काकांनी विचारलं, "कर्ब वाढेल गं, पण तोवर कर्जाचा हप्ता कसा भरू?" मला उत्तर देता आलं नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राआधी साधारण दोन-तीन वर्षांचा संक्रमण काळ असतो: शेती सेंद्रिय पद्धतीने करायची, पण प्रमाणपत्र अजून हाती नाही. उत्पादन घटू शकतं, भाव मात्र नेहमीचाच. अभ्यासक्रमात हा विषय एका तासात उरकला होता. इथे घरंच्या घरं त्यावर तगतात किंवा मोडतात. म्हणून आता एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगते, संख्याशास्त्र घ्याच, पण शेतीचा जमाखर्चही शिका. मी तो नोकरीत, रात्री वही घेऊन शिकले. त्या काकांना सगळं रान एकदम बदलू नका, एका तुकड्यापासून सुरुवात करा, हे सांगायला मला वर्ष लागलं.

काल बैठकीत पाण्याने भरलेल्या दोन बरण्या ठेवल्या. जाळीवर दोन वाळलेली ढेकळं, एकाच बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची. नांगरटीच्या रानातलं ढेकूळ मिनिटभरात विरघळून पाणी गढूळ झालं. चार वर्षं आच्छादन असलेल्या रानातलं तसंच राहिलं, त्यातून फक्त बारीक बुडबुडे येत होते. काका बरणीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या वरच्या तुकड्यातलं ढेकूळ घालून बघू या का?"

उद्या सकाळी तिकडेच जायचंय. मातीचे नमुने काढायचा ऑगर धुऊन दाराशी ठेवलाय, पिशव्यांवर नंबरही घातलेत.