पारवे ६४, टिटव्या २

आमच्या भागातल्या निसर्गगटात नाव नोंदवताना माझी कल्पना अशी होती की रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जायचे, कोणी जाणकार बोट दाखवील तिकडे पाहायचे आणि मोर, नवरंग, स्वर्गीय नर्तक अशी देखणी नावे वहीत उतरवून पोह्यांच्या वेळेला घरी परतायचे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली ती टेकडीच्या पायथ्याची आमचीच गल्ली, सोसायटीच्या फाटकापासून नाल्यावरच्या पुलापर्यंतची. तिथे दर रविवारी साडेसहाला मोजून पंधरा मिनिटे चालायचे आणि ओळखता येतील ते सगळे पक्षी, कावळे-पारव्यांसकट, आकड्यानिशी लिहायचे, एवढेच काम होते. ‘सगळे’ या शब्दावर गटातल्या निवृत्त बँक अधिकारी काकांनी असा जोर दिला की दिवसाअखेरीस रोकड जुळली नाही तर मला घरी सोडणार नाहीत, असे वाटावे.

पारवे मोजणे हे काम वाटते तितके सोपे नाही. पाण्याच्या टाकीवरचे पारवे मोजत मोजत चाळिशीपर्यंत आणावेत, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी सतरंजी झटकते, सगळा थवा उडून इमारतीला वळसा घालतो आणि परत येताना त्यात शेजारच्या इमारतीचे पाहुणेही मिसळलेले असतात. दहा-दहाच्या पुंजक्यांनी मोजायला मी शिकले खरी, पण तीन महिने लोटले तरी माझ्या वहीत अभिमानाने दाखवावे असे काही नव्हते. पुण्यात पारवे आहेत हे सिद्ध करण्यासाठी रविवारची झोप कशाला मोडायची, असे मी एकदा काकांना वैतागून विचारलेही.

“ताई, तुमच्या लहानपणी वाड्यात चिमण्या किती होत्या?” त्यांनी विचारले.

“खूप.”

“खूप म्हणजे किती?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजीच्या सुपाभोवती, आरशावर टोची मारताना, फोटोच्या मागे काड्या कोंबताना मी चिमण्या पाहिल्या होत्या, पण मोजल्या नव्हत्या, आणि मोजाव्यात असे त्या वाड्यात कोणाला सुचणेही शक्य नव्हते. मोर दिसला तर माणूस घरी येऊन सांगतो. चिमणी दिसल्याचे कोण सांगणार? भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, तो तीस हजारांहून अधिक हौशी-जाणत्या निरीक्षकांच्या नोंदींवर उभा होता. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, परंतु दीर्घ काळातला चढउतार सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा, कारण बाकीच्यांबाबत तेवढ्या जुन्या नोंदीच पुरेशा नव्हत्या. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर माझे पारवे चढवताना तेव्हापासून मी निदान कुरकुर करीत नाही.

रक्षणाचे म्हणून जे काम आम्ही करतो तेही असेच बिनदिमाखाचे आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली असली, तरी संक्रांत सरली की आमच्या गल्लीतल्या झाडांवरून तो लोंबत असतोच, आणि त्यात सापडलेले वटवाघूळ सोडवण्यापेक्षा आधीच बांबूला आकडी बांधून दोरा उतरवणे बरे, हे एका वर्षाच्या अनुभवाने कळले.

एप्रिलमध्ये मात्र रखवालदार मामांनी मला पुलाजवळच्या मोकळ्या प्लॉटवर नेले आणि “इथं बघा” म्हणून खडीकडे बोट दाखवले. मला खडीच दिसली. मामा खाली बसले, मीही बसले, आणि बऱ्याच वेळाने चार खडे इतर खड्यांहून जरा जास्त गोलसर आहेत आणि त्यांची निमुळती टोके एकमेकांकडे वळलेली आहेत, हे ध्यानात आले. डोक्यावर टिटवी कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. मामा बीडकडचे, त्यांच्या हिशेबाने चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, पण अंडी उंचवट्यावर घातलेली असतील तर तो भरपूर. “ह्या खोलगटात घातल्यात, मॅडम. यंदा बेताचाच,” असा निकाल देऊन ते फाटकाकडे गेले.

गटात त्यावरून दोन दिवस खल झाला. कोणी म्हणाले भोवती विटा मांडू, कोणाला फलक हवा होता. अखेर ठरले की फोटो टाकायचा नाही, जागा सांगायची नाही आणि विटाही नकोत, कारण विटांचे रिंगण पाहून मुले आणि कुत्री हमखास डोकावणार. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात म्हणून पुलापलीकडच्या झाडाच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडीही आम्ही अशीच पोटात ठेवली आहे. नोंद ठेवणे हेच ज्यांचे काम, त्यांनी आपली सर्वांत चांगली नोंद दडवून ठेवावी, ही गंमतच. पाण्याच्या टँकरवाल्याला तेवढे सांगावे लागले. त्याने काही न विचारता गाडी दुसऱ्या बाजूने वळवायला सुरुवात केली.

‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण मी शाळेत निबंधात वापरून गुण मिळवले होते, पण टिटवी पाण्याचे खरोखर काय करते हे पन्नाशी उलटल्यावर पाहिले. त्याच टँकरच्या गळक्या तोटीखाली साचलेल्या थारोळ्यात ती पोट टेकून बसायची, अंग हलवून छातीखालची पिसे नीट भिजवायची आणि तशीच ओली, पिवळ्या लांब पायांनी तुरुतुरु धावत जाऊन तापलेल्या अंड्यांवर बसायची. दुपारी बाराच्या उन्हात एका तासात तिच्या पाच खेपा झालेल्या मी खिडकीतून मोजल्या. तिची की तिच्या जोडीदाराची, हे मात्र सांगता येणार नाही; नर-मादी दोघेही अंडी उबवतात आणि दिसायला सारखेच असतात.

एके सकाळी अंडी तीनच उरली होती. मुंगूस असेल किंवा कावळा. कावळे त्या रविवारी माझ्या यादीत ११ होते. मेच्या सुरुवातीला उरलेली फुटली आणि खड्यांच्याच रंगाचे तीन गोळे काडीसारख्या पायांवर दिवसभरात प्लॉटभर हिंडू लागले. आईने हाक दिली की ते आहे तिथे चपटे होऊन जात, आणि मग डोळ्यांदेखत पाहिलेले पिल्लूही पुन्हा सापडत नसे.

पुढच्या रविवारी पंधरा मिनिटांत मला दोन मोठ्या टिटव्याच दिसल्या. “पिल्लं हायेत, बसली असतील दबून,” मामा ठामपणे म्हणाले, आणि टिटव्यांचा आरडाओरडा ऐकता त्यांचे खरेच असावे. पण जे दिसले किंवा ऐकू आले तेवढेच लिहायचे, हा नियम. मी वहीत पारवे ६४, टिटव्या २ असे लिहिले, आणि मामा वाकून पाहत होते म्हणून समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘मामांच्या मते ५’ असेही.