सिटी ऑटोमॅटिक, नोंद सातवी : सोलेनॉइड निर्दोष सुटला

मंडळी, मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या जुन्या होंडा सिटीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली स्लिप ही सोलेनॉइड बीचीच (गिअर बदलणारा व्हॉल्व्ह हलवणारा विजेवरचा खटका) करामत आहे. ते शब्द आज गिळतोय. रविवारी संध्याकाळी आमच्या टिळकवाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचा दाब मोजणाऱ्या गेजचा काटा पाचाच्या जरा वर येऊन थांबला तो थांबलाच. तीन महिने जपलेला सिद्धांत तिथंच आडवा झाला.

जुनं सगळं पुन्हा उगाळत नाही. लक्षण तेच. सकाळी थंड गाडी लोण्यासारखी चालते. वीसेक किलोमीटर झाले, बॉक्स तापला, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम २२०० वरून ३५०० ला उडतो, गाडी क्षणभर कुणाचीच नसते, मग मागून धक्का दिल्यासारखा गिअर बसतो. वंटमुरी घाटाच्या परतीच्या चढावर तर हमखास. पहिला, दुसरा, चौथा ठणठणीत. रिव्हर्सही. होंडाच्या या बॉक्समध्ये चौथा आणि रिव्हर्स एकाच क्लच पॅकवर (क्लच प्लेटांच्या गठ्ठ्यावर) चालतात, त्यामुळे रिव्हर्स दमदार म्हणजे चौथ्याचा पॅक शाबूत, एवढा निष्कर्ष फुकटात मिळतो. सर्व्हिस कनेक्टर जोडून डॅशबोर्डवरचा डी४ चा दिवा पाहिला (त्याच्या लुकलुकण्यातून दोषाचा कोड कळतो), एकही कोड नाही. (स्कॅनर घ्या म्हणणाऱ्यांनो, या जमान्याच्या गाडीत तुमचा ब्लूटूथ स्कॅनर लावायचा कुठं, ते आधी सांगा.)

आधी तेलाचं सांगतो. चौथ्यांदा काढून भरलं. दर वेळी अडीच लिटर निघतं आणि आत एकूण साडेपाचच्या आसपास बसतं. म्हणजे तीन वेळा करूनही सोळा टक्के जुनं तेल आतच राहतं, चौथ्यानंतर नऊ. आधीच्या मालकाच्या गॅरेजवाल्यानं डब्यावर लाल तेल दिसलं म्हणून काहीतरी ओतलं होतं, ते आता बहुतेक गेलं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी पेस्ट होती, पण बोटांत चोळली तर किरच लागली नाही. तेलाला जळका वास नाही. ही आनंदाची गोष्ट, आणि पुढे ती कामाला आली. लेव्हल मात्र इंजिन बंद करून लगेच, मिनिट-दीड मिनिटात बघा. इतर ऑटोमॅटिकसारखी इंजिन चालू ठेवून बघितली तर होंडात चुकीचं उत्तर मिळतं. गेल्या वेळी दोघांनी विचारलं होतं म्हणून सांगतोय.

आता सोलेनॉइड. थंड असताना बीचा रेझिस्टन्स १४.९ ओहम. १२ ते २५ मध्ये असला की पास. पण दोष तापल्यावरचा, मग थंड मोजून काय उपयोग? म्हणून आईचं ॲल्युमिनियमचं छोटं पातेलं घेतलं, त्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), त्यात तारेला बांधून सोलेनॉइड, आणि खाली गॅस बारीक. थर्मामीटर ९० वर आला तेव्हा मीटर १८.६ दाखवत होता. तांबं तापलं की एवढा वाढणारच. बारा व्होल्ट दिले की टक्, काढले की टक्. गरम तेलातसुद्धा आवाज तसाच कोरडा आणि करकरीत. गॅस्केटची जाळीही स्वच्छ निघाली. तरीही मी हट्टानं दुसरा सोलेनॉइड मागवला. तो लावला आणि काडीचा फरक पडला नाही. पातेलं आता शेडमध्येच राहतं. आईनं ते परत घरात घ्यायला साफ नकार दिला.

तर गेज. होंडाच्या बॉक्सवर लाइन प्रेशर (पंपाकडून येणारा मुख्य दाब) आणि प्रत्येक क्लचचं प्रेशर मोजायला वेगवेगळे प्लग दिलेत, ही त्या इंजिनिअरांची कृपाच म्हणायची. अडचण ॲडॅप्टरची. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये बारा तुकडे होते, त्यातला एकही बसला नाही, आणि धागे इतके ढिले की हातानंच हलत होते. शेवटी जुना प्लग खिशात घालून उद्यमबागला, आमच्या औद्योगिक वसाहतीत, गेलो. बेळगावात राहून हायड्रॉलिकच्या फिटिंगसाठी ऑनलाइन शोधत बसलो, हा माझाच मूर्खपणा. तिथं एका छोट्या शॉपमध्ये लेथवर बसलेल्या मामांनी प्लग नखानं चाचपला, थ्रेड गेज लावला आणि चहा येईपर्यंत ॲडॅप्टर काढून हातात दिला. कॉपर वॉशरसकट. वर स्वतःचा ग्लिसरीन भरलेला पंधरा किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) गेज आणि दोन मीटर होज उसना दिला. लक्षण सांगितल्यावर त्यांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं, ‘बिसि आदाग अष्ट?’ म्हटलं, हो मामा, तापल्यावरच.

रविवारी हत्तरगीपर्यंत जाऊन आलो, बॉक्स चांगला तापवला. पुढची चाकं वर, खाली दोन घोड्या, मागच्या चाकांना दगड, भाचा स्टिअरिंगवर, मी जमिनीवर. ॲडॅप्टर बसवला, इंजिन चालू केलं, होजच्या टोकाशी बोट लावून पाहिलं. कोरडं. एक थेंब नाही. त्या कोरड्या बोटाचं सुख काय सांगू!

२००० आरपीएमवर आकडे असे आले. लाइन ८.४ किलो. लिव्हर २ वर ठेवून दुसरा ८.२. डी४ मध्ये चौथा ८.२. मग होज तिसऱ्याच्या प्लगवर नेला, लिव्हर डी३. काटा हळूहळू चढत पाच पॉइंट एकला आला आणि तिथंच थरथरत उभा राहिला. भाच्याला म्हटलं तीन हजारावर ने. काटा ६.३. सोडल्यावर परत ५.१. थोड्या वेळानं लाइनवर गेज लावून तिसऱ्यात पुन्हा बघितलं तर तीही ८.४ ची ७.९ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड बॉक्सवर तिसरा सरळ ८.५.

मी तरी ‘वाट तुंबली असेल’ असंच धरून बसलो होतो. सोमवारी हे आकडे मामांना सांगितले तर ते लेथ बंद न करताच म्हणाले, ‘तुंबल्यालं असतं तर उशीर झाला असता, पण काटा शेवटी वर गेला असता की रे. क्लचच्या पुढं तेलाला वाट नाही, ते जाणार कुठं? काटा खाली राहतोय म्हणजे कुठूनतरी गळायलंय.’

बसलोच मी तिथं स्टुलावर. आमच्या गल्लीतलं नळाचं उदाहरण डोळ्यासमोर होतं की! नळी तुंबली तर हंडा उशिरा भरतो, पण भरतो. हंड्यालाच भोक असेल तर धार जेवढी जोरात, तेवढंच पाणी वर टिकतं. आरपीएम वाढवला की ५.१ चे ६.३ झाले ते याचमुळे. थंडीत घट्ट तेल त्या फटीतून निसटत नाही, तापून पातळ झालं की निसटतं. सोलेनॉइड फक्त व्हॉल्व्ह हलवतो, आणि तो व्हॉल्व्ह त्यानं इमानेइतबारे हलवला होता. तिसऱ्याच्या वाटेवर क्लच पिस्टनचा सील, शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा किंवा ॲक्युम्युलेटरच्या (गिअर बसतानाचा धक्का मऊ करणाऱ्या भागाच्या) पिस्टनचा ओ-रिंग, यांपैकी काहीतरी कडक झालंय.

म्हणजे बॉक्स उतरवायचाच. गेल्या नोंदीत भंगारातला अख्खा बॉक्स आणायचं ठरवलं होतं, ते रद्द. तोही पंचवीस वर्षांचा, त्याचेही सील तेवढेच कडक. तेल जळलेलं नाही, म्हणजे प्लेटा अजून वाचल्या असाव्यात असं धरून फक्त गॅस्केट-सील किट मागवणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, तीन महिने हजारदा घसरलेल्या तिसऱ्याच्या प्लेटा पुन्हा तशाच बसवायच्या? बॉक्स दोनदा उतरवण्याची हौस नाही. तिसऱ्याचा प्लेट सेटही घेतो. बाकीच्या पॅकना हात लावणार नाही.

आणि हो, अजून एक. खोलण्याआधी बॉक्स बाकावर ठेवून तिसऱ्याच्या भोकातून पाच किलो हवा मारून बघायची. पिस्टन ‘धप्’ वाजला आणि मागून सुस्कारा आला की कुठला सील ते कानानंच कळेल. क्लच स्प्रिंग दाबायचं टूल विकत घेत नाही, मामा बनवतो म्हणालेत. ओ-रिंगा इथंच घेईन. साधी नायट्राइल रबराचीही या तेलात चालते, पण मी जास्त उष्णता सोसणारी व्हिटॉनच घेणार. चार रुपये वाचवायला एवढा घाम गाळलेला नाही.

गेज शनिवारपर्यंत परत द्यायचाय, त्याआधी गरम बॉक्सवर एकदा व्हिडिओ काढून ठेवतो. आईला सौंदत्तीला न्यायचं कबूल केलं होतं. तिनं शेडमध्ये डोकावून घोड्यांवरची गाडी बघितली, बाजूचं पातेलं बघितलं, आणि शेजारच्या काकूंना बसचं टायमिंग विचारायला गेली.