तुम्ही विचारलंत म्हणून: निर्माता मिळत नाही, मग काय करायचं?

सिनेमा करू पाहणारी मुलंमुली मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. पटकथा तयार आहे, माणसं जमली आहेत, पण निर्माता मिळत नाही, काय करू? माझं उत्तर दर वेळी आन्येस वार्दांपाशी जाऊन थांबतं. फ्रेंच दिग्दर्शिका म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या निर्मात्या होत्या, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. मला त्याविषयीच बोलायचं आहे.

१९५४ साली वार्दाबाई २६ वर्षांच्या होत्या. वडील ग्रीक, आई फ्रेंच, जन्म बेल्जियमचा. युद्धाच्या धामधुमीत कुटुंब दक्षिण फ्रान्समधल्या सेत या बंदरगावी आलं आणि तिथे चक्क बोटीवर राहिलं. पुढे पॅरिसला जाँ व्हिलार यांच्या नाटक कंपनीत त्या फोटो काढायच्या. सिनेमाचं शिक्षण नाही, कुणा दिग्दर्शकाच्या हाताखाली उमेदवारी नाही, पाहिलेले सिनेमेही बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी सेतच्या कोळीवाड्यात सिनेमा करायचं ठरवलं आणि त्यासाठी स्वतःचीच संस्था काढली: तामारीस फिल्म्स. हीच पुढे सिने-तामारीस झाली.

पैशाचा मार्ग त्यांनी असा काढला. थोडे घरचे पैसे घातले आणि बाकी सगळं सहकारी तत्त्वावर. नट आणि तंत्रज्ञ यांनी मेहनतान्याऐवजी सिनेमात हिस्सा घेतला. फिलिप न्वारे आणि सिल्व्हिया माँफोर हे दोघे रंगभूमीवरचे नट. बाकी कोळी, त्यांच्या बायका, पोरं सगळी तिथलीच. संकलनाला आलाँ रेने बसले. 'ला प्वाँत कूर्त' तयार झाला. फ्रेंच सिनेमातल्या ज्या नव्या लाटेविषयी आपण इतकं वाचतो, ती येण्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. सरकारदरबारी ही मंडळी 'व्यावसायिक' ठरत नव्हती, त्यामुळे सिनेमा नेहमीच्या वाटेने थिएटरांत लागू शकला नाही. १९५६ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात तो दाखवला गेला. पैसा सुटला नाही. पण संस्था उभी राहिली.

निर्माता नकोच, असं त्यांचं कधीच म्हणणं नव्हतं, हेही ऐका. 'क्लिओ फ्रॉम ५ टू ७' जॉर्ज द बोरगार यांनी काढला, 'ल बोनर' माग बोदार यांनी. चांगला माणूस भेटला तेव्हा वार्दाबाईंनी त्याच्याबरोबर काम केलं. भेटला नाही तेव्हा घरी आपलं ऑफिस होतंच.

घरी म्हणजे अगदी घरीच. पॅरिसच्या चौदाव्या विभागात रू दागेर नावाची गल्ली आहे. तिथे त्या पन्नाशीच्या दशकापासून शेवटपर्यंत राहिल्या. मूल लहान होतं तेव्हा त्यांना लांब जाता येईना. मग त्यांनी घरातल्या विजेच्या मीटरपासून केबल ओढली आणि ती पोचेल तेवढ्याच टप्प्यात शूटिंग केलं. पाववाला, खाटीक, शिंपी, घड्याळजी, ड्रायव्हिंग शिकवणारा, हे सगळे आपापल्या दुकानात, गिऱ्हाइकं करत असताना. अत्तरं आणि किरकोळ माल विकणारं एक म्हातारं जोडपं त्यात आहे. आजीबाईंचं मन थोडं हरवलेलं. संध्याकाळ झाली की त्या दाराशी जाऊन उभ्या राहतात, बाहेर पडावंसं वाटतं, आणि पडत मात्र नाहीत. कॅमेरा घाई करत नाही, त्यांच्याबरोबर थांबतो. हा 'दागेरियोतीप'. लोकेशन लांब आहे, बजेट नाही म्हणून जी मुलं अडून बसतात त्यांना मी हा सिनेमा दाखवते.

१९८५ मध्ये त्यांच्या 'व्हॅगाबाँड'ला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, तेव्हा पुढे जाते. १९९० मध्ये त्यांचे पती, दिग्दर्शक जाक दमी, आजारी होते. त्यांच्या बालपणावरचा सिनेमा वार्दाबाईंनी ते हयात असताना सुरू केला आणि मधूनमधून त्यांचे केस, हात, त्वचा इतक्या जवळून टिपली की आपणच हात फिरवतोय असं वाटतं. दमी गेल्यानंतर त्यांच्या सिनेमांची डागडुजी, प्रिंट, प्रदर्शन हे सगळं सिने-तामारीसने सांभाळलं. मुलांनो, इथे जरा नीट लक्ष द्या. हक्क हाती असल्याशिवाय हे होत नाही. सही करण्याआधी करार वाचा, वकील गाठा, आणि सिनेमा कुणाच्या मालकीचा राहणार ते विचारा.

१९९५ मध्ये सिनेमाच्या शंभरीनिमित्त त्यांनी मोठमोठे तारे घेऊन एक सिनेमा केला, दनीव्ह, देलाँ, बेलमोंदो, द नीरो असे. तो सपशेल पडला. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने तिथे हात टेकले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मुठीत मावेल असा डिजिटल कॅमेरा घेतला आणि शेतात सरवा, म्हणजे पीक निघाल्यावर मागे राहिलेला माल, वेचणारी माणसं शोधत फ्रान्सभर फिरल्या. 'द ग्लीनर्स अँड आय', साल २०००. बटाट्याच्या शेतात बाजाराला नको असलेले, फार मोठे, वेडेवाकडे बटाटे ढिगाने टाकलेले असतात. त्यात त्यांना हृदयाच्या आकाराचे काही सापडतात. ते त्या घरी नेतात, एका हाताने बटाटा धरतात आणि दुसऱ्या हाताने त्याचं चित्रण करतात. काळा डगला घातलेला वकील शेतात उभा राहून कायदा सांगतो: पीक निघाल्यावर, सूर्योदय ते सूर्यास्त, सरवा वेचता येतो. शहरात कचऱ्याच्या डब्यातलं अन्न काढून जगणारी माणसंही येतात, आणि वार्दाबाई त्यांच्याशी शेजारणीसारखं बोलतात. कुणाची कीव करणारा एक शॉट नाही.

२०१५ मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्यांना मानद पाम द'ओर पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये मानद ऑस्कर. पण त्या ऑस्करच्या आधी, जेआर या तरुण कलाकारासोबत केलेल्या 'फेसेस प्लेसेस'साठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागावी लागली. त्यांनी मागितली, लोकांनी दिली, सिनेमा झाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. मार्च २०१९ मध्ये त्या गेल्या. सिने-तामारीस त्यांची मुलगी रोझाली आणि मुलगा मातिय यांच्या हाती आहे.

कुठून पाहायला सुरुवात करू, असंही विचारता. 'ग्लीनर्स'पासून करा, कारण तो संपल्यावर हातातला फोन उचलून लगेच काहीतरी टिपावंसं वाटतं. मग 'दागेरियोतीप', मग 'क्लिओ'. 'ला प्वाँत कूर्त' त्यानंतर पाहा, आणि पाहताना पडद्यावरच्या कोळ्यांकडे बघा: त्यातल्या नवऱ्याबायकोच्या गोष्टीपेक्षा तेच मला दर वेळी जास्त खरे वाटतात.