अकलेची गोळी

बुद्धी वाढवणारं औषध ज्या कथेत असतं, ती कथा माझ्याने अर्ध्यात सोडवत नाही. भाषा सुमार असो, पात्रं पुठ्ठ्याची असोत, औषध एकदा नायकाच्या पोटात गेलं की मी पुढचं पान उलटतोच. उडणारा माणूस, अदृश्य होणारा माणूस, काळात मागे जाणारा माणूस यांच्या बाबतीत माझं असं होत नाही. ते आपल्या आवाक्यातलं नाही, हे मनाने केव्हाच मान्य केलेलं असतं. हुशारीचं तसं नाही. झोप नीट झालेली असते, डोकं लख्ख असतं, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. असा एखादा दिवस प्रत्येकाच्या वाट्याला आलेला असतो. गोळी म्हणते, हे रोजच होईल. बस्स, एवढंच.

२०११ च्या 'लिमिटलेस' चित्रपटाचा नायक रखडलेला लेखक आहे. पुस्तकाचा करार झालाय आणि कागदावर शब्द नाही. जुन्या ओळखीतला एकजण त्याला पारदर्शक गोळी देतो. ती घेऊन हा घरी येतो तर जिन्यातच घरमालकाची बायको त्याला फैलावर घेते. तिच्याजवळचं कायद्याचं पुस्तक नुसतं डोकावतंय. एरवी याने मान खाली घालून काढता पाय घेतला असता. आज मात्र ते पुस्तक नजरेत भरतं, कधीकाळी डोळ्यांखालून गेलेलं काहीबाही आठवतं, एकाला एक जुळत जातं आणि हा तिच्या अडलेल्या निबंधाचा फडशा पाडून देतो. मग स्वतःच्या खोलीत शिरतो. जग जिंकायला वगैरे निघत नाही. घर आवरायला घेतो! पसारा उचलतो, साफसफाई करतो आणि मग लिहायला बसतो. पुढे शेअर बाजार येतो, मारामाऱ्या येतात, राजकारण येतं, पण तिथे माझं लक्ष अर्धंच असतं.

अशा कथांचं गारूड मला तरी त्या आवराआवरीत दिसतं. आम्हाला हुशारी हवी, असं तोंडाने म्हणायचं. खरं तर चालढकल संपायला हवी असते. उत्तर न दिलेली पत्रं, खूण घालून ठेवलेली पुस्तकं, 'एकदा निवांत बसून बघू' म्हणून बाजूला सारलेले कागद. गोळी घेतली की यातलं काहीच जिवावर येत नाही. दुसरं आमिष त्याहून गोड आहे. आजवर जे वाचलं, ऐकलं, वरवर चाळलं, त्यातलं काही वाया गेलेलं नाही, सगळं आत शाबूत आहे, हा दिलासा. वाचलेलं पंधरा दिवसांत विसरणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी काय हवं? २०१४ च्या 'लूसी' या चित्रपटाने हाच दिलासा शास्त्राच्या नावावर खपवला. माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो म्हणे. साफ खोटं. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा खातो. नव्वद टक्के बिऱ्हाड रिकामं बसून एवढं खात असतं, तर ते कधीच घराबाहेर काढलं गेलं असतं.

खऱ्या गोळ्याही आहेत. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली लिआंड्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याचं रिटालिन हे नाव त्याच्या बायकोवरून, रिटावरून पडलं. ती टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची, असं सांगतात. आज डॉक्टर ते एडीएचडीवर, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याच्या विकारावर, देतात आणि अवेळी झोप येण्याच्या विकारावर मोडाफिनिल देतात. निरोगी माणसं मात्र परीक्षेच्या तोंडावर हीच औषधं हुशारीसाठी चोरून घेतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० निरोगी माणसांना कधी अशी औषधं, तर कधी बिनऔषधाची गोळी देऊन कोडी सोडवायला बसवलं. पिशवीत अमुक इतकंच वजन मावतं, प्रत्येक वस्तूचं वजन वेगळं, किंमत वेगळी. जास्तीत जास्त किमतीचा ऐवज भरून दाखवा. औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, वस्तू भराभर आत टाकल्या, बाहेर काढल्या, पुन्हा आत टाकल्या. खटपट भरपूर, पण भरलेल्या ऐवजाची किंमत उलट घटली. जे एरवी सरासरीच्या वर होते त्यांच्यातले बरेच औषधाने खाली आले. हे वाचून मला हसूच फुटलं. चालढकल संपायला हवी, एवढंच तर मी मागत होतो. यांची संपली होती.

कथालेखकाची पंचाईत निराळी. स्वतःहून हुशार माणूस लिहायचा कसा? पहिलवानाची गोष्ट लिहायला लेखकाला जोर-बैठका काढाव्या लागत नाहीत, पण महाबुद्धिमानाच्या डोक्यात जे चाललंय ते लेखकाच्याच डोक्यातून यावं लागतं. बहुतेकजण पळवाट काढतात: नायकाला रातोरात परकी भाषा येते, पडद्यावर आकडे भिरभिरतात. टेड चियांग यांच्या १९९१ च्या 'अंडरस्टँड' या कथेत बर्फाखालच्या पाण्यात बुडालेला माणूस संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी बरा होता होता अफाट बुद्धिमान होतो. त्याच्या तोडीचा आणखी एकजण निघतो. आता हे दोघं मिळून काय करतील या उत्सुकतेने आपण वाचत राहावं, तर ते एकमेकांच्या जिवावर उठतात! कथा उत्तम आहे. माझा मात्र हिरमोड झाला.

डॅनियल कीज यांनी ही पंचाईत अगदी तळापासून सोडवली. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन' ही कथा १९५९ सालची, तिची कादंबरी १९६६ ची. तिथे गोळीऐवजी शस्त्रक्रिया आहे, पण भूक तीच. नायक चार्लीचा बुद्ध्यांक ६८. शस्त्रक्रिया होण्याआधी त्याची शर्यत लागते ती भूलभुलैयात पळणाऱ्या अल्जर्नॉन नावाच्या उंदराशी, आणि तो उंदराकडून हरतो. सगळी गोष्ट त्याच्याच नोंदींतून कळते. सुरुवातीला शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. मग बाई त्याला स्वल्पविराम शिकवतात, तर हा पठ्ठ्या सापडेल त्या जागी स्वल्पविराम पेरत सुटतो. त्या नोंदीपाशी चार्ली मला हाडामांसाचा वाटू लागला. थोड्याच पानांत वाक्यं सरळ होतात, लांबतात, आणि वाचताना आपलीच दमछाक होऊ लागते, तेव्हा लक्षात येतं की गडी पुढे निघून गेला. या हुशारीने त्याला आधी काय दाखवलं असेल? ज्यांना तो मित्र समजत होता, ते इतके दिवस त्याची टर उडवत होते, हे. पुढे नोंदी पुन्हा घसरू लागतात. आपणच लिहिलेला शोधनिबंध तो हातात घेतो आणि तो कुणा दुसऱ्याने लिहिल्यासारखा वाटतो. त्यातलं बरंचसं कळतच नाही.

कीज यांनी कथा आधी होरेस गोल्ड या संपादकांना दाखवली. गोल्ड यांना गोड शेवट हवा होता: चार्लीची बुद्धी टिकावी, बाईंशी त्याचं लग्न व्हावं, दोघांनी सुखाने नांदावं. कीज बधले नाहीत. कथा दुसऱ्या मासिकाकडे गेली. कथा म्हणून कीज यांचंच बरोबर, यात वाद नाही. पण वाचताना मी गोल्ड यांच्या पक्षात असतो. शेवट पाठ आहे, तरी नोंदींत पहिली चूक दिसली की वाटतं, छपाईची असेल.

१९६० साली या कथेला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. समारंभात विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी, या माणसाने हे साधलं तरी कसं, असं मोठ्या तोंडभरल्या कौतुकाने विचारलं. त्यावर कीज म्हणाले ते असं, की तुम्हाला पत्ता लागला तर मलाही कळवा, मला ते पुन्हा एकदा करायचंय.