एवढं येतं तर दुकान का नाही टाकत?

मी फावल्या वेळात घरी इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तू दुरुस्त करतो, बनवतो, त्यावरून हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हल्ली या प्रश्नाला मी नुसता हसून मान डोलावतो. मावसभाऊ लग्नाच्या पंगतीत विचारतो, ऑफिसातले डबा खाताना विचारतात, आणि परवा तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्याकडून दुरुस्त करून घेतलेला बल्ब हातात धरून विचारलं.

आता त्या बल्बचंच घ्या. ९ वॉटचा एलईडी बल्ब, नवा शंभराच्या आसपास मिळतो. वरचं पांढरं टोपण काढलं की आत बारीक बारीक एलईडींची माळ दिसते, सगळ्या सिरीजमधे, म्हणजे एकीतून दुसरीत करंट जाणार, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब बंद. गेलेलीच्या मधोमध बहुतेक वेळा काळा ठिपका असतो. ती खरवडायची आणि तिच्या दोन टोकांमधे सोल्डरचा डाग द्यायचा, झालं काम (असा बल्ब फार टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण ते असो). चहा गार व्हायच्या आत होतं. दुकानात याचे किती घेऊ? वीस? त्यात गाळ्याचं भाडं बसवा. आणि मोठ्या वस्तूंचं म्हणाल तर टीव्ही बिघडला की बोर्डच्या बोर्ड बदलतात, कुठला कपॅसिटर फुगलाय ते बघायला कोणाला वेळ आहे आणि त्याचे पैसे तरी कोण देणार.

हे झालं हिशोबाचं उत्तर. मी ते सगळ्यांना देतो कारण त्यावर लोक गप्प बसतात. पूर्वी मी जरा भारी उत्तर द्यायचो, की हा छंद आहे हो, छंदाचे पैसे घेतले की त्यातली मजा जाते. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. कसली मजा जाते? पैसे मिळाले असते तर जुन्या बाजारातून आणलेल्या मीटरऐवजी एक बरा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, आला असता घरात.

खरं कारण टाकीचं प्रकरण. ते सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे पण प्रत्येकाला आपापल्या बाजूने, म्हणून एकदा माझ्या बाजूने सांगतो. वॉचमन मोटर बंद करायला विसरायचा, वरची टाकी वाहायची, रोज कोणी ना कोणी ओरडायचं. बाहेरच्या माणसाने ऑटोमॅटिक कंट्रोलरचे भरपूर पैसे सांगितले तेव्हा चेअरमन म्हणाले, अहो तुम्हीच करा की काहीतरी. मी केलं. सामानाचे पैसे आणि वर हजार रुपये मेहनतीचे असं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सांगताना कान गरम झाले होते.

पण काम मन लावून केलं हो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन शनिवार घालवून नीट कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट विजेवर चालणारा स्विच, घेतला, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते आणि साध्या रिलेची, म्हणजे तसल्याच छोट्या स्विचची, पट्टी तिथेच चिकटून बसते. पाणी आहे की नाही ते कळायला टाकीत सोडायच्या सळया स्टीलच्या, आणि त्यांना डीसी न देता ट्रान्सफॉर्मरचं १२ व्होल्ट एसी दिलं. डीसी दिलं की पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होतं, पॉझिटिव्हची सळई झिजत जाते आणि दुसरीवर पांढरा थर चढतो, त्यात आमचं बोअरचं पाणी जड. खालच्या टाकीतही सळया टाकल्या, म्हणजे तिथे पाणी नसेल तर मोटर सुरूच होणार नाही. बरेच महिने डबा भिंतीवर गुपचूप काम करत होता, कोणी बघायचंही नाही त्याच्याकडे.

मग एका गुरुवारी पाणी बंद होतं आणि मी गावी होतो. खालची टाकी रिकामी, म्हणून डब्याने मोटर सुरू केली नाही, म्हणजे जे करायला त्याला लावलं होतं तेच त्याने केलं. लोकांना वाटलं डबा बिघडला. कोणीतरी कोपऱ्यावरचा वायरमन बोलावला, त्याने खालच्या टाकीच्या दोन टर्मिनलांमधे वायरचा तुकडा जोडून टाकला, डब्याला वाटलं पाणी आलं, आणि मोटर कोरडीच फिरत राहिली. आता गंमत बघा, पंपात पाणी नसलं की लोड कमी होतो, करंट उलट खाली येतो, त्यामुळे जास्त करंटला बंद पडणारा एमसीबी पडत नाही आणि मोटरचा ओव्हरलोडही ट्रिप होत नाही. पंपातून पाणी गळू न देणारं, पाण्यानेच गार राहणारं सील तापत जातं, मग ते जातं, मग आत काहीतरी जाम होतं आणि तेव्हा कुठे करंट चढतो, पण तोवर कोण थांबतंय. मोटर जळली, रात्री जिन्यात तिच्या तारांवरचं वॉर्निश जळाल्याचा वास येत होता म्हणे.

सभेला मी तो डबा उघडून घेऊन गेलो. तुकडा तसाच होता, लाल वायर, टोकं दाताने सोललेली, प्लास्टिकवर दातांचे ठसे स्पष्ट. मला वाटलं हे दाखवलं की विषय संपेल. कोणी वाकून बघितलं सुद्धा नाही. सेक्रेटरींनी विचारलं, याची वॉरंटी किती होती? बिल आहे का? मी करंट कमी होतो ते समजावायला गेलो तर एक जण म्हणाले, अहो साहेब, लोड कमी झाला तर मोटर जळेल कशी, उलट जास्त टिकेल. लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, घरगुती ते घरगुतीच शेवटी. मी तिरमिरीत हजार रुपये काढून टेबलावर ठेवले, आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, अहो असं काय करताय, ठेवा ते. खजिनदारांनी पावती फाडली. 'इतर जमा' असं लिहून.

बायकोचं म्हणणं, तुला पैसे नकोच होते, शाबासकी हवी होती, ती नाही मिळाली म्हणून रुसून बसलायस. असेल. पण तिला मी म्हटलं, दुकानदार संध्याकाळी शटर ओढून घरी जातो, मी कुठे जाऊ? मला तीच माणसं रोज लिफ्टमधे भेटतात. यावर ती म्हणाली की मग तर दुकानच बरं, नाही का. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाहीये.

आणि दुसरं, हेही सांगून टाकतो. माझ्या टेबलावर एक अँप्लिफायर अर्धवट पडलाय, डाव्या चॅनलला हम, म्हणजे गुणगुण, येतो, बहुतेक ग्राउंड लूप असणार, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेलेलं. तो शोधायची मला अजिबात घाई नाहीये. कधी रात्री जेवण झाल्यावर एखादी वायर इकडची तिकडे करून बघतो, हम थोडा बदलतो, मग झोपतो. समोर गिऱ्हाईक बसलं असतं तर हे चाललं असतं का? आता हा आळस म्हणायचा की हौस ते तुम्ही ठरवा, मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडून झालोय. सोसायटीने नंतर तयार कंट्रोलर आणून बसवला, त्याला डीसीच्या सळया आहेत, त्यातली एक झिजत आलीये हे मला दिसतंय आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.

तर दुकान नाही. तरीपण मागच्या शनिवारी बुधवार पेठेत एक छोटा गाळा रिकामा दिसला, तर भाडं विचारून आलो. डिपॉझिट जरा जास्त सांगतायत.