चौथ्या सिलेंडरपर्यंत हात

दिवाळीच्या आधी गाडी उघडायचीच हे पक्कं ठरलेलं होतं. एकदा आंबिया बहाराचा संत्रा तोडाले आला की मग गाडीले उसंत नाही, दिवसभर बगीच्यात क्रेट भरा, रात्री काटोलमार्गे नागपूरले निघा, पहाटे कळमना मार्केटात गाडी लावा, अन् परत येऊन पुन्हा तेच. वरूडवरून नागपूर म्हणजे शंभरेक किलोमीटर, भरल्या गाडीनं रात्री मधातच इंजिनानं दम सोडला तर माल दुसऱ्याचा अन् जबाबदारी आपली. त्यामुळं आज रविवार पाहून सकाळीच गाडी घरामागच्या लिंबाच्या सावलीत घेतली, चाकामागं दोन्हीकडून मोठे गोटे लावले, बॅटरीचा मायनस काढला अन् कामाले लागलो.

आमची गाडी टाटा 407. हे मॉडेल 1986 मध्ये आलं तेव्हापासून आमच्या भागात संत्रा, कापूस, सोयाबीन, लग्नाचं वऱ्हाड, सगळं हिनं वाहून नेलं. जुनी गाडी असल्यामुळं बनावट अशी की अर्धं इंजिन पुढच्या बोनटात अन् अर्धं कॅबिनच्या आत, ड्रायव्हर अन् क्लीनरच्या मधात जो उंचवटा असते त्याच्याखाली. बोनट उघडलं की पहिला अन् दुसरा सिलेंडर अगदी समोर, उभ्या उभ्या काम होते. तिसऱ्याले वाकून हात घालावा लागते. चौथा मात्र पार मागं, कॅबिनमधलं कव्हर काढल्याबिगर त्याचं तोंडही दिसत नाही, अन् कव्हर काढायचं म्हणजे आधी मॅटिंग काढा, मग गंजलेले स्क्रू काढा. म्हणून होते काय की जो तो पुढून काम करते अन् मागं पोचले की "चालते भाऊ" म्हणून बोनट लावून देते. मी गेली कितीतरी वर्षं हे पाहून राहिलो. मिस्त्र्याले दोष देत नाही, त्याच्यामागं दहा गाड्या उभ्या असतात अन् पैसे कामाचे भेटतात, वाकायचे नाही. पण गाडी आपली आहे, म्हणून तेवढ्यासाठीच हे काम मी स्वतः करतो.

आज कव्हर काढलं तेव्हा ते लगेच दिसलं. पहिल्या नोझलच्या (सिलेंडरात डिझेल फवारते त्याच्या) नटाचे कोपरे पाना लागून लागून गोल व्हायच्या मार्गावर, अन् चौथ्याच्या नटावर तेल अन् काळ्या मातीचा असा थर की नट आहे का ढेकूळ ते कळेना. बोटानं खरवडलं तर खाली कोपरे एकदम कोरे. पान्याचा एकही ओरखडा नाही. म्हणजे मागच्या वेळी गॅरेजवाल्यानं "चारही नोझल चेक केले" म्हणून सांगितलं होतं ते तीनच होते. राग आला, खरं सांगतो. मी त्या माणसावर विश्वास ठेवून भरल्या गाड्या रात्रीच्या नेल्या.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्लग नसते, हवा दाबून जी गरम होते तिच्यातच डिझेल पेट घेते, म्हणून ट्यूनिंग म्हणजे नोझल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), फिल्टर अन् डिझेलच्या पाइपातली हवा काढणं, एवढंच मुख्य. नोझल खोलायच्या आधी कोणता सिलेंडर कमजोर आहे ते पाहून घ्यावं. बॅटरी परत जोडली, गाडी आयडलवर ठेवली अन् एकेका नोझलच्या पाइपाचा नट 17 च्या पान्यानं जरासा ढिला करत गेलो. चांगला सिलेंडर असला की नट ढिला करताच इंजिन खाली बसते, आवाज बदलते. पहिला ढिला केला, बसलं. दुसरा, बसलं. तिसऱ्यालेही तसंच. चौथा ढिला केला तर काहीच फरक नाही, इंजिन जसंच्या तसं थडथड करून राहिलं. म्हणजे तो सिलेंडर नावालाच होता, बाकीचे तीन त्याचं ओझं ओढत होते, अन् मुलताईकडच्या चढावर गाडी काळा धूर का टाकते याचं उत्तर तिथंच भेटलं. हे फक्त जुन्या पंपवाल्या गाडीवर करायचं बरं. नव्या कॉमन रेलच्या गाडीले असा हात लावू नये, तिथं प्रेशर हजार बारच्या वर असते, डिझेलची ती बारीक धार कातडी फोडून आत जाते, असं झालं तर हात वाचवायले तडक दवाखाना गाठावा लागते. आपल्या गाडीवरही तोंड दूर ठेवायचं अन् कापड धरायचं.

नोझल जागेवरून निघेना. कव्हर काढल्याबरोबर बुडाशी डिझेल टाकून ठेवलं होतं तरी हलेना. मागच्या बाजूचा नट असा की सरळ पाना बसतच नाही, आखूड रिंग पाना घालून थोडंसं फिरवायचं, काढायचं, उलटा करून पुन्हा घालायचा, पुन्हा तेवढंच. सीटवर उपडा पडून, एक हात कव्हराच्या भोकातून अन् दुसरा बोनटाकडून, डोळ्याले काहीच दिसत नाही, सगळं बोटांच्या टोकावर. अशा जागी डोळ्यापेक्षा बोट खरं. नटाची कड कुठं आहे, पाना पुरता बसला की अर्धा, आटा सरळ धरला की वाकडा, हे सगळं बोट सांगते. घाई केली की आटा जाते, अन् हेडमधला आटा गेला की मग हजारोंचं काम.

लेक नववीत आहे, ती आरसा घेऊन आली. तिच्या आईच्या फणीच्या डब्यातला छोटा आरसा तिनं एका कांडीले बांधला, मोबाईलचा टॉर्च त्याच्यावर मारला अन् मले सांगत गेली.

"बाबा, उजवीकडं नाही, अजून खाली. हां, तिथंच. तुमचा पाना अर्धाच बसला."

"आता?"

"आता बसला." असंच करत करत नोझल निघालं, तेव्हा तिनं पुन्हा आरसा आत धरला. "थांबा, खाली काहीतरी चमकून राहिलं."

ते चमकणारं म्हणजे बुडातला तांब्याचा वायसर (चकती), एका बाजूनं जळून काळा झालेला अन् दुसरीकडं तांबूस. तिथूनच कॉम्प्रेशन लीक होत होतं. नोझल काढल्यावर तो वायसर आतच चिकटून राहते, तो न काढता वरून नवा टाकला की नोझल उंच बसते अन् सगळं काम वाया. माझा पंजा त्या जागेत जात नव्हता. तिनंच वाकडी तार घालून तो बाहेर काढला अन् तळहातावर ठेवून मले दाखवला. इंजिन थंड होतं अन् बॅटरी पुन्हा काढलेली होती, म्हणून तिले हात घालू दिला, नाहीतर कधीच दिला नसता. नोझल वरूडले पंपवाल्याकडं नेलं, त्यानं मशीनवर लावून दाखवलं की फवारा न येता थेंब गळून राहिले. नवी टीप बसवून प्रेशर सेट करून घेतलं, नवे वायसर चारही घेतले.

दुपारी "अजी, भाकर खाऊन घ्या, ते लोखंड कुठं पळून नाही राहिलं" म्हणून हाक आली तेव्हा टॅपेट चालू होते. टॅपेट थंड इंजिनावरच करायचे. फायरिंग, सिलेंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, म्हणजे चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह अदलाबदलीत (एक मिटते, दुसरा उघडते) हलून राहिले की पहिल्याचे टॅपेट करा, मग दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे, पहिल्याचे हलले की चौथ्याचे, तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जरासं घासत जायले पाहिजे, सैल नको, अडकूनही नको. सैल राहिलं तर नुसतं टकटक करते, पण आवळ राहिलं तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही अन् जळते, म्हणून आवाज येत नाही म्हणून खुश होणाऱ्यांनी सांभाळून राहावं. चौथ्याचं टॅपेट सगळ्यात आवळ निघालं. तिथंही कोणाचा हात पोचलाच नव्हता.

स्टार्टरचा वरचा बोल्ट ही अजून एक छळाची जागा. वरून दिसते पण पाना जात नाही, खालून पाना जाते पण दिसत नाही. गाडी जॅकवर घेतली, घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या, जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली जातच नाही. मागून, गिअर बॉक्सच्या वरून दोन लंबे एक्स्टेंशन जोडून, टोकाले वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट अन् गोटी (बोल्टावर बसणारा सॉकेट), गोटीत चिमूटभर ग्रीस, म्हणजे बोल्ट निघाल्यावर खाली पडत नाही, गोटीतच राहते. कार्बन साफ केला, टर्मिनल घासले, परत बसवलं.

शेवटी फिल्टर बदलून हवा काढली. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो, आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, तेव्हा आवळलं. नोझलकडचे नटही तसेच. सेल्फ मारला अन् गाडी उठली. गरम होऊ दिली, मग चौथ्याचा नट पुन्हा ढिला करून पाहिला तर इंजिन खाली बसलं. लेक म्हणाली, "बाबा, आता तोही काम करून राहिला." हो, करून राहिला.

कव्हर लावायच्या आधी लिहून ठेवतो, पुढच्या वेळी मी असो की दुसरा कोणी: चौथं नोझल, वायसर नवा, आतला जुना काढलेला, आखूड रिंग पाना अन् आरसा लागते. टॅपेट आठही केले, थंड. स्टार्टरचा वरचा बोल्ट खालून, मागच्या बाजूनं. कव्हराचे गंजलेले स्क्रू फेकले, नवे ग्रीस लावून टाकले, आता उघडायले पाच मिनिटं पुरतील. क्लचची तार राहिली, ती पुढच्या रविवारी.