पॉजचं बटण

मँचेस्टरमधल्या एका छोट्या दुकानात मी जुन्या टेप डिजिटल करून देतो. लग्नं, वाढदिवस, शाळेची नाटकं, असाच बहुतेक माल. त्या दिवशी ओल्डहॅमहून एक काकू बासमतीच्या पिशवीतून पाच व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या. छातीवरच्या बिल्ल्यावर माझं नाव वाचलं आणि थेट मराठीत, "अरे, तू आपला!"

लेबलांवर डॉक्टरी अक्षर. 'ज्वेल इन द क्राउन', 1984. ग्रॅनाडा या इथल्या टीव्ही चॅनलची, भारतातही चित्रित झालेली 14 भागांची मालिका. जानेवारी 1983 मध्ये मँचेस्टरच्या गोदामाला आग लागून तिचं बरंच सामान जळालं, तरी मालिका पुरी झाली. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "काकू, याची डीव्हीडी मिळते. चित्रही यापेक्षा स्वच्छ. कशाला खर्च करता?"

"डीव्हीडी आहे रे घरी. मला ह्यांनी घेतलेलं हवंय."

चार कॅसेट सरळ गेल्या. काका जाहिरात आली की पॉज दाबत असणार. दर पंधरा-वीस मिनिटांनी चित्राला एक हिसका आणि पुढचा प्रसंग सुरू. एकही जाहिरात नाही. माणूस रिमोट हातात धरून बसला असेल.

पाचवीच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली. मास्क लावला, हलक्या हाताने पुसली, तरी गुंडाळताना टेप सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीपाशी तुटलीच. पोटात गोळा आला. कवचाचे पाच स्क्रू काढले, रिळं नव्या कवचात बसवली, टोकं स्प्लायसिंग टेपने जोडली. पहिल्यांदा लावली तर नुसत्या मुंग्या; टेप वाचणाऱ्या हेडला घाण धरली होती. हेड साफ करून पुन्हा लावली.

तिसऱ्या भागात मध्यंतर आलं आणि हिसका बसलाच नाही. जाहिराती सुरू झाल्या. चहा, साबणपूड, मग बोल्टनच्या कुठल्याशा फर्निचर दुकानाची, एक स्थिर चित्र आणि घाईघाईने पत्ता वाचणारा आवाज. भाग संपल्यावर निवेदक रात्रीचे पुढचे कार्यक्रम सांगू लागला, मग बातम्या सुरू होतानाचे घड्याळाचे ठोके पडले. टेप संपेपर्यंत कोणी बटण दाबलंच नाही.

मी काम थांबवून बघत राहिलो. कंपन्या कार्यक्रम जपतात, ते विकता येतात. पण दोन कार्यक्रमांमधला तो निवेदक, ती गावातली जाहिरात, म्हणजे खुद्द चॅनल, ते कोण जपणार? 1956 पासून उत्तर इंग्लंडच्या घराघरांत ग्रॅनाडा होतं. (त्यांचे स्टुडिओ म्हणे फक्त सम आकड्यांचे, 2, 4, 6... म्हणजे जास्त वाटावेत! असा हिशेब आपल्याकडच्या बिल्डरलाच सुचावा.) पुढे 1996 मध्ये त्यांनी स्काय या उपग्रह टीव्ही कंपनीबरोबर ग्रॅनाडा प्लस हे चॅनल काढलं, त्यावर 'कोरोनेशन स्ट्रीट' या त्यांच्या मालिकेचे जुने भाग लागायचे. 2004 मध्ये ते बंद झालं आणि त्या जागी आयटीव्ही 3 हे चॅनल आलं. ते जुने भाग आजही आहेत. प्लसवरचा एखादा अख्खा दिवस बघायचा तर असाच कोणाचा तरी माळा शोधावा लागेल.

संध्याकाळी काकू आल्या. म्हटलं, "जाहिराती कापून टाकू?" व्यवसायाची सवय.

त्यांनी आधी बघायला मागितलं. फर्निचरचं दुकान आलं तशा हसल्या. "इथूनच घेतला होता आम्ही सोफा." मग बातम्यांचे ठोके ऐकून गप्प झाल्या.

"आदल्या रात्री ह्यांची हॉस्पिटलची रात्रपाळी झाली होती. त्याच सोफ्यावर झोपले, रिमोट हातात. मी उठवलं नाही." पदराने चष्मा पुसला. "काही कापू नकोस. किती झाले?"

मी चार कॅसेटचे पैसे सांगितले. त्यांनी मोजून पाचाचे ठेवले.